पेटी नंतर, आधी स्टे बघा

प्रश्न: दादा नमस्कार, मी सुदामा नगरला राहतो, मीटिऑर 350 आहे. मी आणि बायको सुट्टीला मांडू, महेश्वर करत असतो, आता दिवाळीत बाइकनेच पुण्याला जायचा विचार आहे. सॉफ्ट बॅगा पावसात भिजतात, त्यांना कुलूपही नाही, म्हणून 22 लिटरच्या दोन हार्ड पेट्या घेतल्या. वेल्डिंगवाला म्हणतो सॉफ्ट बॅगांचा जो स्टे, म्हणजे बॅगा टेकवायची लोखंडी चौकट आहे, त्यालाच गाडीवरच पट्टी मारून देतो. पण सायलेन्सरमुळे उजवी पेटी जास्त बाहेर जाते, मागचे इंडिकेटर झाकले जातायत आणि साडी गार्ड काढावा लागेल म्हणतो. करून घेऊ का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: नका करून घेऊ, एवढं आधी सांगतो, बाकीचं सावकाश वाचा. पेट्या चांगल्याच असतील, प्रश्न त्या ज्याच्यावर लटकणार त्या स्टेचा आहे. सॉफ्ट बॅगचं वजन सीटवरून टाकलेल्या पट्ट्यांवर येतं, स्टे असतो तो फक्त बॅग चाकात जाऊ नये म्हणून. हार्ड पेटीचं तसं नाही, रिकामी पेटीच तीन-चार किलोची, त्यात पाच-सहा किलो सामान, हे सगळं स्टेवर आणि तेही बाहेरच्या बाजूला लटकलेलं, म्हणजे प्रत्येक खड्ड्यात स्टे थोडा वाकणार आणि परत वर येणार, दिवसभरात हजारो वेळा. लोखंड असं वाकून वाकूनच वेल्डिंगच्या कडेला चिरतं.

हे मी भोगलंय. ओंकारेश्वरहून परत येत होतो, भेरूघाटात डावीकडून टकटक आवाज यायला लागला, मला वाटलं पेटीत काहीतरी हलतंय, मग जळक्या रबराचा वास आला तेव्हा थांबलो. स्टेचा खालचा जोड तुटून पेटीचा कोपरा टायरला घासत होता. ती तुटलेली जागा अजून डोळ्यासमोर आहे, अर्धी चकचकीत, अर्धी तांबूस. तांबूस म्हणजे तेवढी चीर आधीच पडलेली होती, पाणी लागून गंजलीसुद्धा होती, आणि मी दर रविवारी वरून फडकं मारत होतो. मागे बायको बसली होती हो.

म्हणून सळईचा नको, पाइपचा स्टे घ्या, तुमच्या मॉडेलसाठी बनवलेला बोल्टवर बसणारा मिळाला तर सगळ्यात उत्तम. प्रत्येक बाजूला तीन ठिकाणी पकडलेला हवा, वर शॉकअपच्या बोल्टपाशी, मागे मडगार्डपाशी आणि खाली पिलियन (मागे बसणाऱ्याच्या) फूटरेस्टच्या ब्रॅकेटपाशी. खालची पकड फ्रेमवरच, मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवर चुकूनही नको, तो चाकाबरोबर वरखाली होतो. आणि दोन्ही बाजूंना जोडणारा एक आडवा पाइप नंबरप्लेटच्या मागून गेलाच पाहिजे, तो नसेल तर पेट्या आत-बाहेर डुलतात आणि जोडांवर ताण येतो. गाडीवर वेल्डिंग अजिबात करू देऊ नका, मीटिऑरमध्ये इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आहे, एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे, वेल्डिंगच्या करंटने ते बिघडू शकतं, म्हणून जे वेल्ड करायचं ते स्टे गाडीवरून उतरवून करा.

बोल्टची गोष्ट सगळे विसरतात. स्टेची पट्टी मध्ये आली की तेवढ्या जाडीने बोल्ट कमी पडतो, नट जेमतेम दोन-तीन आट्यांवर धरतो आणि हलवून बघितला तर घट्टच वाटतो. सियागंजात जाऊन तेवढा लांब हाय टेन्साइल बोल्ट आणा, डोक्यावर 8.8 लिहिलेलं बघून घ्या, सोबत नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे परत एकदा आवळा, मग नटावर आणि पट्टीवर मिळून पेंटची एक रेघ मारून ठेवा, रेघ तुटली की नट फिरला.

आता सायलेन्सर. उजवी पेटी दोन-तीन सेंटीमीटर बाहेर गेली तर बिघडत नाही, त्या पेटीत किलोभर सामान कमी भरा म्हणजे तोल राहतो. पण सायलेन्सर आणि पेटीत चार बोटं जागा हवी, मध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा वॉशर घालून थोडा अंतरावर बसवा, आणि धूर निघतो ते तोंड पेटीखाली येता कामा नये. गाडी मुळात 845 मिमी रुंद, पेट्या हँडलच्या बाहेर गेल्या तर राजवाड्याच्या गर्दीत त्या कुठे ना कुठे अडकणार, सायलेन्सरच्या बाजूची पेटीच जास्त बाहेर येते, म्हणून माप त्या बाजूनेच धरा.

जागा पुरते की नाही ते नजरेने कळत नाही. माझी पद्धत अशी की कणकेचे दोन-तीन घट्ट गोळे करायचे, पेटीच्या आतल्या भिंतीला शॉकअपसमोर आणि टायरसमोर चिकटवायचे, पेट्या भरायच्या, दोघांनी बसायचं आणि कॉलनीतल्या स्पीड ब्रेकरवरून दोन चकरा मारायच्या. गोळा दबलेला दिसला तर पेटी बाहेर सरकवायची. वहिनी बसलेल्या असतानाच हे करा, त्यांच्या पोटऱ्या, टाचा पेटीला लागतात का तेही तेव्हाच कळतं. लागल्या तर पेटी मागे घ्यावी लागते, पण फार मागे गेली की वजन मागच्या एक्सलच्या पलीकडे जातं, पुढचं चाक हलकं होतं आणि ऐंशी-नव्वदला गाडी डोलायला लागते. अशी डोलली तर ब्रेक दाबू नका, हँडल आवळून धरू नका, थ्रॉटल हळूहळू सोडा.

साडी गार्ड काढू नका. मोटार वाहन नियम 1989 मधल्या 123 नंबरच्या नियमात मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा असं आहे, पिलियनचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून, आणि वहिनींची ओढणी किंवा साडी कुठल्याही पेटीपेक्षा मोलाची आहे. गार्डसकट बसेल असाच स्टे शोधा. इंडिकेटर नंबरप्लेटच्या दोन्ही बाजूंना ब्रॅकेटवर आणा, वायर ताणून नेऊ नका, जोडून वाढवा आणि टायरपासून लांब बांधा.

सामान भरताना टूल, पाना, चार्जर खाली आणि पुढे, कपडे वर, पुण्याला न्यायची सेव तर सगळ्यात वर. मागच्या शॉकअपला प्रीलोडच्या (स्प्रिंग किती दाबून ठेवायची त्याच्या) सहा पायऱ्या आहेत, सी-पान्याने एक-दोन पायऱ्या वाढवा, टायरमध्ये हवा मॅन्युअलमध्ये पिलियनसाठी दिली आहे तेवढी. दोघांचं वजन, पेट्या, स्टे, सामान सगळं बेरीज करून मॅन्युअलमधल्या कमाल वजनात बसतंय ना ते कागदावर मांडून बघा. नसेल बसत तर सामान कमी करा.

प्रश्न: काका, माझ्या अॅव्हेंजरच्या हार्ड पेटीत रबर असूनही पाणी शिरतं. सिलिकॉन भरू का?
– एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर: आधी पाणी कुठून येतं ते शोध बाळा. आतून कोरडा टिशू सगळीकडे चिकटव, पेटी बंद करून पाइपने वरून पाणी मार, मग खालून चाकाच्या बाजूने मार. बहुतेक वेळा झाकण निर्दोष असतं आणि पाणी स्टेच्या बोल्टच्या भोकातून येतं, कारण टायरचा फवारा थेट तिथेच बसतो. त्या भोकांना रबरी वॉशर घाल, सिलिकॉन तिथेच लाव. झाकणाच्या रबरावर मात्र लावू नकोस, ते रबर धूळ पुसून टाल्कम पावडर लावली की परत नीट बसतं.