बिटकॉइन, स्टेबलकॉइन आल्यावर मध्यवर्ती बँका कालबाह्य होतील का?

खाजगी डिजिटल चलनं रुळली की मध्यवर्ती बँकेची गरजच उरणार नाही, हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते गरज उरेल. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते, तिच्याकडे येतोच.

आधी मार्च २०२३ आठवा. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी एकाच दिवसात सुमारे ४२ अब्ज डॉलर काढायला घेतले आणि बँक बुडाली. यूएसडीसी या स्टेबलकॉइनच्या गंगाजळीतले ३.३ अब्ज डॉलर तिथेच अडकले होते. एका डॉलरला बांधलेलं हे नाणं ८८ सेंटच्याही खाली घसरलं. ते सावरलं कधी? सरकार, फेडरल रिझर्व्ह (अमेरिकेची मध्यवर्ती बँक, थोडक्यात ‘फेड’) आणि ठेव विमा महामंडळाने सगळ्या ठेवी परत मिळतील असं जाहीर केलं तेव्हा! म्हणजे मध्यवर्ती बँकेला पर्याय म्हणवणाऱ्या पैशाची पतही शेवटी तिच्याच दारात येऊन थांबली.

संकटात आधार देण्याचं हे काम जुनं आहे. बँक ऑफ इंग्लंड १६९४ मध्ये स्थापन झाली ती राजाला युद्धासाठी कर्ज द्यायला. १८६६ च्या लंडनमधल्या घबराटीत मात्र तिने इतरांना सढळपणे कर्ज दिलं. चांगलं तारण घ्या, व्याज चढं लावा, पण देताना हात आखडू नका, हा त्या काळातल्या इंग्रज अर्थलेखक वॉल्टर बॅजटचा नियम आजही लागू पडतो. महागाईचं ठरावीक लक्ष्य बांधून घेणं त्यामानाने अलीकडचं. न्यूझीलंडने ते १९९० मध्ये सुरू केलं.

२००८ च्या आर्थिक संकटानंतर मध्यवर्ती बँकांचा पसारा फार वाढला. फेडचा ताळेबंद एक लाख कोटी डॉलरच्या आतून २०२२ मध्ये नऊ लाख कोटींच्या आसपास गेला. त्यात सरकारी रोख्यांचा मोठा वाटा आहे आणि माझ्या काळजीचं मूळ इथेच आहे. सरकार कर्जात बुडालेलं असलं की त्याला व्याजदर कमीच हवे असतात. दुसऱ्या महायुद्धात फेडने दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांचा दर अडीच टक्क्यांवर धरून ठेवला होता. त्यातून सुटायला १९५१ उजाडलं. तुर्कस्तानात मार्च २०२१ मध्ये व्याजदर १९ टक्क्यांवर नेणाऱ्या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरला लगेच हटवलं गेलं, पुढे महागाई भडकत असतानाही दर खाली आणले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिकृत महागाई ८५ टक्क्यांवर पोचली.

मध्यवर्ती बँकांचं स्वतःचं डिजिटल चलन? बहामाने २०२० मध्ये, नायजेरियाने २०२१ मध्ये आणलं. लोकांनी फारसं उचललं नाही. शिवाय घबराटीत सगळेच ठेवी काढून तिकडे वळले तर बाकीच्या बँका कोरड्या पडतील, म्हणून डिजिटल युरोत प्रत्येकाला किती रक्कम ठेवता येईल यावर मर्यादा घालायचा विचार आहे.

तेव्हा भविष्य ताडायचं असेल तर नव्या नाण्यांपेक्षा गव्हर्नरला पदावरून काढण्याचे नियम वाचा, आणि ते कोणत्या देशात सैल होताहेत ते पाहा.