अडचणीतला बोल्ट

प्रश्न : मोटारसायकलची बारीकसारीक कामं मी स्वतःच करतो. इंजिन आणि फ्रेम यांच्यामधल्या एका १२ मिमीच्या बोल्टने मात्र जीव खाल्लाय. गोटी पाना तिथे शिरतच नाही. रिंग पाना बसतो, पण फिरवायला जागा नाही. आता रॅचेट पाना, म्हणजे बोल्टवरून न काढता पुढे-मागे करून फिरवता येणारा, घ्यायचं ठरवलंय. ७२ दात्यांचा घेऊ की १२० दात्यांचा? सरळ डोक्याचा की मान वळणारा?

उत्तर : दात्यांपासूनच सगळे सुरुवात करतात, कारण पाकिटावर तोच आकडा ठळक छापलेला असतो. तेव्हा आधी तोच निकालात काढू. तुमचा बारा कोनांचा रिंग पाना दर वेळी ३० अंश फिरवून, काढून पुन्हा बसवावा लागतो. पाना १६ सेंटिमीटर लांब धरला, तर त्याच्या शेपटाला आठ सेंटिमीटरहून जास्त मोकळी जागा हवी. ती तुमच्याकडे नाही. ७२ दात्यांच्या पान्यात एक दाता म्हणजे ५ अंश, शेपटाला १४ मिमी पुरतात. १२० दात्यांत ३ अंश, म्हणजे साधारण साडेआठ मिमी. दोघांतला फरक सहा मिमीचाही नाही. इतक्यावर काम अडलंय असं क्वचित होतं. ७२ चा घ्या आणि दाते विसरा.

बघायची ती खिट्टी. काही रॅचेट पान्यांना दिशा बदलायची छोटी खिट्टी असते, काहींना नसते. खिट्टी नसलेल्याची दिशा बदलायला तो उलटा करून बसवायचा, एवढंच. डोकं थोडं पातळ, बिघडायला एक भाग कमी, त्यामुळे मलाही तोच आवडायचा. पण उलटा करायला तो आधी बाहेर निघावा लागतो ना!

माझा निघाला नव्हता. एका मोटारीच्या अल्टरनेटरचा लांब बोल्ट सोडवत होतो. टिक-टिक करत मजेत फिरत होता. दोनेक सेंटिमीटर बाहेर आला आणि बोल्टचं डोकं समोरच्या चॅसीला टेकलं. पाना त्याच्यावर, बोल्टमध्ये ओवल्यासारखा. पुढे सोडवता येईना, आणि पुन्हा आवळावा तर पाना त्या दिशेला नुसताच टिकटिकतोय. बाजूने उघड्या तोंडाचा डी पाना घालून बघितला, तो हलायलाही जागा नव्हती. शेवटी इंजिनाचा माउंट सोडवला, जॅकने इंजिन वर उचललं, तेव्हा कुठे सुटका झाली. दहा मिनिटांच्या कामाची संध्याकाळ झाली. हाताखालचा पोरगा म्हणाला, ‘‘राहू द्या ना तिथेच, पुढच्या वेळी शोधायला नको.’’ त्याला काही बोलायच्या परिस्थितीत मी नव्हतो.

म्हणून समोर भिंत, फ्रेम, काहीही आडवं असेल तर खिट्टीवालाच घ्या. बिनखिट्टीचाच हाताशी असेल तर बोल्ट सैल होऊन चार-पाच आटे बाहेर आला की पाना काढून घ्या आणि उरलेलं बोटांनी करा.

दुसरी गोष्ट डोक्याची जाडी आणि रुंदी. रॅचेटच्या डोक्यात दातेरी चक्र आणि खटका बसवायचा असतो, त्यामुळे ते साध्या रिंगपेक्षा चांगलंच रुंद होतं. तुमचा साधा रिंग पाना बसला म्हणजे रॅचेट बसेलच असं नाही. मुलांच्या खेळातल्या मऊ मातीचा एक गोळा घ्या. बोल्टचं डोकं आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीत दाबा, अलगद बाहेर काढा आणि जाडी मोजा. बोल्टच्या बाजूलाही तसंच करा. ती दोन मापं कागदावर लिहून पाना घ्यायला जा. तिथे पट्टी काढून मोजायला लाजू नका.

वळणारी मान तुम्हाला लागेल असं वाटत नाही. बोल्ट खड्ड्यात असेल किंवा दांडा एखाद्या पाइपावर आपटत असेल, तर ती उपयोगी. एरवी एका हाताने डोकं सांभाळावं लागतं, आणि तुमच्या त्या फटीत दुसरा हात शिरणार कुठून? आखूड दांड्याचा पाना मात्र जरूर बघा. जागा कमी लागते. बोल्टवर जोरही कमी पडतो म्हणा, पण त्याचा उपाय आहे : पहिला झटका रॅचेटने द्यायचाच नाही. गंजलेला किंवा करकचून आवळलेला बोल्ट साध्या रिंगने हलवून घ्यायचा, किंचितसा का होईना, आणि मग रॅचेट लावायचा. आवळतानाही शेवटचा जोर साध्या रिंगचाच. रॅचेटच्या दांड्यात पाइप घालून ताकद लावाल तर आतले दाते निघतील, आणि पाना अचानक सटकला की बोटांची सालं फ्रेमवर राहतील.

एक छोटी कुरकुर तुम्हाला येणारच, आधीच सांगतो. बोल्ट पुरता सैल झाला की पान्याच्या परतीच्या फेऱ्यात तोही मागे फिरायला लागतो. पाना बिघडलेला नसतो. बोल्टच्या डोक्यावर एक बोट दाबून ठेवा.

प्रश्न : माझा रॅचेट पाना हल्ली मधूनच दोन्ही बाजूंना मोकळा फिरतो. मागच्याच महिन्यात त्यात चांगलं ग्रीस भरलं होतं.

उत्तर : तेच कारण असावं. जाड ग्रीसमध्ये खटका चिकटतो आणि त्याच्यामागची इवलीशी स्प्रिंग त्याला वेळेवर दात्यात ढकलू शकत नाही. पाना रॉकेलमध्ये बुडवून दोन्ही बाजूंना फिरवा, मळ सुटेपर्यंत. पुसून, वाळवून पातळ तेलाचे दोनच थेंब सोडा. त्यानंतरही मोकळा फिरला तर दाते झिजलेत. तो पाना आता भिंतीतल्या खिळ्यावर टांगा, बोल्टवर लावू नका.