‘मेरिटवर लागली’ म्हणजे नेमकं काय?

इंदिरानगरच्या एका वाचकाने विचारलंय: सीईटीचे प्रवेश झाले की ‘अमकी मेरिटवर लागली, तमकी कोट्यातून’ असं सर्रास बोललं जातं, हा प्रयोग बरोबर आहे का? आणि मेरिटोक्रसीला, म्हणजे गुणवत्तेच्या जोरावर वर आलेल्यांच्या सत्तेला, ‘गुणवत्ताशाही’ म्हणावं का?

पहिला प्रयोग साफ चुकीचा आहे. इंजिनीअरिंगच्या कॅप फेरीची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेरीची, कट-ऑफ यादी उघडा, नाशिकचं कुठलंही कॉलेज काढा. एकेका शाखेखाली जीओपन, जीएससी, एलएसटी अशा अक्षरांनी सुरू होणारे रकाने दिसतील. जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची जागा, पुढे प्रवर्ग. प्रत्येक रकान्यात गुणवत्ता क्रमांक आणि कंसात पर्सेंटाइल. म्हणजे एसटीच्या जागेलाही मेरिट लागतं. सुरगाणा, पेठसारख्या आदिवासी तालुक्यातली मुलगी तिथे लागते ती त्या रकान्यातल्या बाकीच्यांना मागे टाकूनच. मग तिच्या वाट्याला ‘मेरिट’ हा शब्द का येऊ नये?

‘ओपन’चंही तेच झालंय. आपण ‘ओपनवाले’ म्हणतो तेव्हा ते जातीचं नाव असल्यासारखं वापरतो. खुली जागा सर्वांनाच खुली असते. मागास प्रवर्गातला उमेदवार स्वतःच्या गुणांवर तिथे आला तर तो राखीव जागेत धरायचा नाही, हे मंडल आरक्षणावरच्या इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या १९९२च्या निकालातही स्पष्ट आहे.

आता ‘गुणवत्ताशाही’. मायकेल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाच्या १९५८च्या पुस्तकामुळे मेरिटोक्रसी हा शब्द रूढ झाला, आणि त्यांनी तो वापरला होता धोक्याची सूचना म्हणून. परीक्षेत वर आलेले लोक सत्ता आपल्या हक्काचीच समजू लागतील, ही त्यांची भीती. पुढे राजकारणी तो शब्द कौतुकाने मिरवू लागले, तेव्हा २००१ साली त्यांनी जाहीर नापसंतीही व्यक्त केली. म्हणून ‘शाही’ मला इथे चपखल वाटतं. लोकशाहीत ती आहे, तशी नोकरशाहीत आणि झुंडशाहीतही आहे. सत्ता कुणाच्या हाती, हे ती सांगते. ‘गुणवत्ताशाही’ बिनदिक्कत वापरा.

खरी गंमत ‘गुण’ या शब्दात आहे. मराठीत तो मार्कही आहे आणि अंगचा चांगुलपणाही. औषधाचा गुण येतो, तो परिणाम. आणि ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीत तर गुण चक्क शेजारातून लागतो. म्हण वाईट संगतीसाठी वापरतात हे खरं, पण गुण जन्मजात नसतो हे तिने गृहीतच धरलंय. नाशिकच्या सुखवस्तू कॉलेज रोडवरच्या मुलीला घरातच कुठला क्लास, कुठला फॉर्म, कुठली शाखा हे सांगायला दादा-ताई असतात. आश्रमशाळेतून आलेल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणाऱ्या मुलीला कॉलेजांचा पसंतीक्रम देणारा ऑप्शन फॉर्म कसा भरायचा हेही कुणाला तरी विचारावं लागतं. दोघींच्या पर्सेंटाइलमध्ये हा शेजारही मिसळलेला असतो. तो नजरेआड करून एकीच्याच पर्सेंटाइलला ‘मेरिट’ म्हणणं मला भाषेच्या दृष्टीनेही पटत नाही.

प्रवर्ग सांगायचीच गरज असेल, उदाहरणार्थ पुढच्या वर्षीच्या मुलांना कट-ऑफ समजावताना, तर ‘खुल्या जागेवर लागली’, ‘एसटीच्या जागेवर लागली’ म्हणावं. पेढे देताना ‘कॉम्प्युटरला नंबर लागला’ एवढं पुरतं.