वाचकांचे प्रश्न : उपाशी लँकेशायर आणि आपला कापूस

प्रश्न : आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की अमेरिकेत लढाई लागली आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला. आता कुठेसं वाचलं की त्याच लढाईत मँचेस्टरच्या गिरणी कामगारांनी स्वतः उपाशी राहून गुलामगिरीविरुद्ध बाजू घेतली. हे खरं आहे, की मागाहून रचलेली गोष्ट? – एक वाचक, अकोला

उत्तर : गोष्ट खरी आहे. फक्त ती सांगताना सगळ्या कामगारांना एका ओळीत उभं करतात, तसं ते नव्हतं. मी उभा जन्म सूतगिरणीत काढला, कापूस मोकळा करून झाडणाऱ्या ब्लोरूमपासून सूत कातणाऱ्या रिंगफ्रेमपर्यंत. तेव्हा या लोकांबद्दल मला जरा जास्तच जिव्हाळा आहे, हे आधीच सांगतो.

१८६० साली इंग्लंडच्या गिरण्यांत येणाऱ्या कापसापैकी सुमारे ८० टक्के कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून येई, आणि तो गुलामांनी वेचलेला असे. गुलामगिरी टिकवायला ही राज्यं देशातून फुटली, एप्रिल १८६१ मध्ये उत्तर विरुद्ध दक्षिण अशी यादवी सुरू झाली आणि अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेची बंदरं रोखली. दक्षिणेच्या मळेवाल्यांनीही सुरुवातीला आपण होऊन कापूस अडवून धरला. कापूस तोडला की इंग्लंड गुडघे टेकेल आणि आपल्या बाजूने उतरेल, असा त्यांचा हिशेब. त्यांच्यातल्या हॅमंड नावाच्या सिनेटरने १८५८ मध्येच भर सभागृहात सांगितलं होतं की कापूस हाच राजा आहे.

लँकेशायर म्हणजे मँचेस्टरच्या आसपासचा इंग्लंडचा गिरण्यांचा परगणा. तिथल्या गोदामांत आधीच्या दोन वर्षांचा माल तुडुंब होता, म्हणून पहिले काही महिने निभावले. काही मालकांनी तर पडून राहिलेल्या मालावर चढ्या भावात हात धुऊन घेतले. १८६२ उजाडलं तशा गिरण्या पटापट बंद पडू लागल्या. ॲश्टन, स्टेलिब्रिज, ब्लॅकबर्न, प्रेस्टन ही गावं म्हणजे नुसती गिरणीच. दुसरा धंदा नावालाही नाही. त्या वर्षाच्या डिसेंबरात मदतीवर जगणाऱ्यांचा आकडा पाच लाखांच्या आसपास पोचला. आधी बचत संपली, मग घरातलं सामान गहाण पडलं, शेवटी अंथरूण-पांघरूणसुद्धा.

आणि अशा डिसेंबरात, ३१ तारखेला, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा भरली. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८६३ला, लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा अमलात यायचा होता. सभेने लिंकनला पत्र पाठवायचं ठरवलं. पत्रात आपल्या भुकेचं रडगाणं नव्हतं. गुलामगिरीचा डाग पुरता पुसून टाका, अशी मागणी होती. लिंकनने १९ जानेवारीला उत्तर लिहिलं. लँकेशायरचे कामगार काय सोसत आहेत ते मी जाणतो आणि मला त्याचं दुःख आहे, असं म्हणून त्यांच्या भूमिकेला त्याने उदात्त धैर्य म्हटलं. कोणत्याही युगात, कोणत्याही देशात याहून मोठं धैर्य दिसलेलं नाही, असं म्हटलं. मँचेस्टरमध्ये आज लिंकनचा पुतळा आहे आणि चौथऱ्यावर या पत्रातला मजकूर कोरलेला आहे.

हे आभाळातून पडलं नाही. सेरा पार्कर रेमंड ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय बाई लढाईच्या आधीच, १८५९ मध्ये, मँचेस्टरला येऊन बोलून गेली होती. तुमच्या रस्त्यांवरून कापसाच्या गाड्यांमागून गाड्या जाताना मी पाहते, तेव्हा मला ते मळे आठवतात, आणि आठवतं की या पैशातला एक सेंटही कापूस पिकवणाऱ्या हातांपर्यंत पोचला नाही, असं ती म्हणाली. ऐकणारी माणसं तोच कापूस रोज हाताळत होती. दक्षिणेचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस याच्याकडून पळून आलेला त्याचा गुलाम गाडीवान विल्यम जॅक्सनही लढाईच्या काळात इंग्लंडभर सभा घेत फिरत होता.

आता दुसरी बाजू. कापूस जिथे उतरे त्या लिव्हरपूल बंदरातले बहुतेक व्यापारी उघडउघड दक्षिणेच्या बाजूने होते. तिथे नदीच्या पलीकडच्या काठावर, बर्कनहेडला, दक्षिणेसाठी 'अलाबामा' ही लढाऊ नौका बांधली गेली आणि जुलै १८६२ मध्ये ती निसटून समुद्रात गेलीही. कापसाच्या गावांतही काही सभांमध्ये कामगारांनीच मागणी केली की सरकारने नाकेबंदी मोडावी आणि दक्षिणेला मान्यता द्यावी. ज्याच्या घरात चूल पेटत नाही त्याने असं म्हटलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण म्हणूनच मँचेस्टरच्या, जवळच्याच रॉचडेल गावच्या सभांचं मोल मला जास्त वाटतं. समोर दुसरा रस्ता होता, शेजारचा माणूस त्यावरून चाललाही होता, आणि तरी यांनी हा निवडला.

स्टेलिब्रिजचं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मार्च १८६३ मध्ये तिथल्या मदत समितीने रक्कम कमी केली आणि रोख पैशांऐवजी दुकानाची तिकिटं द्यायचं ठरवलं. तिकीट घेऊन ठरलेल्या दुकानात जायचं आणि दुकानदार देईल ते घ्यायचं. पोरं नि बायाबापड्या रस्त्यावर उतरल्या, दुकानं फुटली, घोडेस्वार शिपाई आणावे लागले. कामगारांच्या थोरपणाची गोष्ट सांगणारे बरेच जण हे पान गाळतात. दंगल आली की गोष्टीला डाग लागतो असं त्यांना वाटतं. मला उलट वाटतं. आम्ही वर्षानुवर्षं घाम गाळून कमावलंय, आमच्या हातात पैसा द्या, काय आणायचं ते आम्ही ठरवू, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. माणसाची किंमत दुसऱ्याने ठरवू नये, ही जी चीड तिकिटांवर निघाली, तीच गुलामांच्या बाजूने हात वर करताना होती.

आता तुमच्या घरच्या आठवणीकडे येतो. अमेरिकेचा कापूस बंद पडल्यावर लँकेशायरला मुख्य आधार राहिला आपल्याकडच्या कापसाचा. मुंबई बंदरातून गेलेल्या त्या सगळ्या मालाला तिकडे 'सुरती' म्हणत, मग तो खानदेशातला असो की वऱ्हाडातला. आणि कामगार त्याला शिव्या घालत. प्रार्थनेत कोणीतरी 'देवा, कापूस पाठव' म्हणाला की मागून आवाज येई, 'पण सुरती नको', असं सांगतात.

का नको, ते मी समजू शकतो. आखूड तंतूचा माल मीही चालवला आहे. तंतू आखूड म्हणजे एकमेकांना धरून राहायला लांबीच अपुरी. पीळ जास्त द्यावा लागतो, पीळ वाढला की उत्पादन घटतं, आणि तरी धागा तुटतच राहतो. त्यात पाला, माती, सरकीचे तुकडे. फ्रेमवर एक धागा सांधून मान वर करावी तोवर पलीकडे तीन तुटलेले. मागावरही तेच; ताणा, म्हणजे उभा धागा, तुटला की माग थांबला, आणि विणकराला मजुरी तर विणलेल्या कापडावर. दिवसभर राबूनही पूर्वीच्या मानाने हातात फारच थोडं येई. धागा टिकावा म्हणून मालक कांजीत चिनी मातीचा मारा करत आणि ती धूळ कामगारांच्या छातीत जाई. इकडे भाव चढल्यामुळे गाठींत दगडमाती भरण्याचा, पाणी मारण्याचा प्रकार इतका बोकाळला की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. माती भरणारे बहुतेक मधले दलाल; सोसलं ते वेचणाऱ्याने आणि कातणाऱ्याने.

प्रश्न : त्या कामगारांना तर मताचा अधिकारही नव्हता. मग सभेत हात वर करून काय उपयोग झाला? – एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : उपयोग झाला, ताई, पण ज्यांनी हात वर केले त्यांच्या पोटाला लगेच नाही. १८६२च्या शरद ऋतूत इंग्लंडचं मंत्रिमंडळ मध्यस्थीच्या विचारात होतं, म्हणजे व्यवहारात दक्षिणेला मान्यता. अर्थमंत्री ग्लॅडस्टन ऑक्टोबरात न्यूकॅसलला जाहीरपणे बोलून गेले की डेव्हिस आणि दक्षिणेच्या पुढाऱ्यांनी एक राष्ट्र उभं केलं आहे. सरकार मागे हटलं त्याला रणांगणावरच्या घडामोडींसह बरीच कारणं होती. पण भुकेल्या कामगारांसाठी दक्षिणेला मान्यता द्या, असं म्हणायची सोय या सभांनी ठेवली नाही.

अमेरिकेतून जहाजंही आली. न्यूयॉर्कहून निघालेलं 'जॉर्ज ग्रिसवोल्ड' फेब्रुवारी १८६३ मध्ये लिव्हरपूलला पोचलं, पिठाची हजारो पिंपं घेऊन. त्यातलं एक पिंप रॉचडेलच्या संग्रहालयात जपलं आहे.

मदतीच्या बदल्यात पुरुषांना खडी फोडावी लागे, नाहीतर प्रौढांच्या वर्गात बसावं लागे. तुम्ही विचारलंत म्हणून मुद्दाम सांगतो, गिरण्यांत निम्म्याहून जास्त बाया आणि मुली होत्या. त्यांच्यासाठी शिवणवर्ग काढले होते. मागावर आयुष्य गेलेल्या कितीतरी जणींना कापड विणता येई, पण शिवता येत नसे. ते त्या तिथे शिकल्या. पुढे १८६३च्या कायद्याने सार्वजनिक कामं निघाली. ओल्डमचं अलेक्झांड्रा पार्क हे बेकार गिरणी कामगारांनी केलेलं.

आणि मताचं म्हणाल तर लँकेशायरच्या माणसांनी दाखवलेला संयम पाहून यांना मत का नाकारायचं, असं खुद्द ग्लॅडस्टन म्हणू लागले. १८६७च्या कायद्याने शहरांतल्या बऱ्याच कामगार पुरुषांना मत मिळालं. बायकांना १९१८ पर्यंत थांबावं लागलं, आणि तेव्हाही तिशीच्या पुढच्या काहींनाच मिळालं. हे मला अजूनही खुपतं, कारण उपाशी दोघं सारखेच होते.

प्रश्न : त्या तेजीतून आपल्या शेतकऱ्याला काय मिळालं? – एक वाचक, बारामती

उत्तर : काही वर्षं हात सैल झाला. मुंबईत तर पैशाचा पूर आला. बॅक बेचा समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपनीचे शेअर, कापसाचे आणि शेअरचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांची उलाढाल, आणि एप्रिल १८६५ मध्ये लढाई संपताच पडझड. शेतकऱ्याचं संकट सावकाश आलं. तेजीत सावकार सहज कर्ज देत होता, कारण जमिनीला किंमत आली होती. भाव उतरले, त्यातच पुणे जिल्ह्यात सरकारने सारा वाढवला, आणि कर्ज तसंच राहिलं. तुमच्या शेजारचंच सुपे गाव. १२ मे १८७५ला तिथल्या बाजारात लोक सावकारांवर चालून गेले आणि पुढे पुणे-नगर भागात गावोगाव कर्जरोखे जाळले गेले. बहुतेक ठिकाणी राग कागदांवर होता, माणसांवर नाही. या भागात कापूस फारसा पिकत नसे. तरी तेजीतला पैसा, मजुरी आणि उधारी इथवर पोचली होती. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला.