ब्रेकचं पेडल कधीकधी पार खाली जातं, ऑइल कमी होत नाही, मेकॅनिक म्हणतो ब्रेक ठीक आहे. ब्लीडिंग करू का?

ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं) नका करू. लेव्हल तशीच आहे आणि मेकॅनिकला पेडल कडक लागून राहिलं, म्हणजे बहुतेक पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो मास्टर सिलिंडर आतून गेलाय.

माझ्या गाडीला हेच होतं. नागपुरात सदरच्या फ्लायओव्हरवरून उतरताना खाली लाइन लागलेली, मी ब्रेकवर हलका पाय ठेवून उभी, आणि पेडल हळूहळू मॅटपर्यंत खाली जाऊन राहिलं नं. समोर स्कूटीवर एक बाई, मागे लेकरू. हँडब्रेक ओढला म्हणून वाचलं. पाय उचलून परत दाबला तर एकदम कडक! घरी सांगितलं तर नवरा आणि भासरे दोघंही चक्कर मारून आले, म्हणे काही नाही, मस्त लागतात ब्रेक, आणि भासऱ्यांचं वरून हे की बायकांना ब्रेक दाबता येत नाही, अर्धाच पाय ठेवतात.

आता ऐका. त्या सिलिंडरच्या आत पिस्टनवर रबरी कप असतो. जोरात दाबलं की ऑइलच्या दाबानेच तो फुलून सिलिंडरला चिकटतो, ब्रेक लागतो. हळू दाबलं की झिजलेल्या कडेवरून ऑइल मागे निसटतं, परत डब्यात, म्हणून बाहेर थेंब नाही अन् लेव्हलही कमी नाही. भासरे लाथ मारल्यासारखा ब्रेक मारतात, त्यांना हे दिसणारच नव्हतं. हलक्या पायालाच दिसतं ते.

मी त्यांनाच सीटवर बसवलं, अंगणात, इंजिन चालू, म्हटलं भाऊजी, हलकंसं दाबा आणि तसंच धरून ठेवा, जोर वाढवू नका. पेडल त्यांच्या डोळ्यासमोर खाली गेलं. तुम्हीही हीच टेस्ट मेकॅनिकला करायला लावा, तुमच्यासमोर.

ब्लीडिंगला नाही यासाठी म्हटलं की जुन्या सिलिंडरमध्ये पेडल पार खालपर्यंत पंप केलं की कप रोज जात नाही त्या भागात जातो, तिथे गंज न् घाण, उरलेला कपही फाटतो. रबर किटच्या (नुसते आतले रबर बदलायच्या) भानगडीतही पडू नका, पूर्ण सिलिंडर बदला. कोणी बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा डबा) बदला म्हणेल, बूस्टर गेला तर पेडल दगडासारखं होतं, खाली जात नाही. आणि नागपूरच्या उन्हाने होतं म्हणणारे तर खूप भेटतील, पण डॉट 3 दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना 205 डिग्रीला उकळतं, पाणी शोषलेलं झालं तरी 140 च्या आसपास, आपल्या 45 ने काय होणार त्याला. हां, चिखलदऱ्याचा घाट उतरतानाच होत असेल तर मात्र सतत ब्रेक मारून तापणारं जुनं ऑइल, ते बदला.

दोन-तीनदा पंप केल्यावर पेडल वर येत असेल तर हवा किंवा मागचे ड्रम सैल. लेव्हल कमी होऊन गळती दिसत नसेल तर सिलिंडर बूस्टरला जिथे जोडतो तिथे आणि मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला बघा. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम) असेल तर त्याच्या युनिटमधला व्हॉल्व्हही असंच करतो, सिलिंडर विकत घ्यायच्या आधी तेवढं तपासून घ्या. इंजिन चालू करताना पेडल थोडं बसणं मात्र नॉर्मल आहे.

तोवर गाडी चालवू नका, गॅरेजपर्यंतही नाही, टोचन करून न्या.