भविष्यवाणी की भाकीत, महत्त्वाकांक्षा की हाव?

अकरावीच्या वर्गाला शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'ची तोंडओळख मराठीतून करून द्यायची आहे. नाटक मुलं पुढे इंग्रजीतच वाचतील. एवढं सांगून एका शिक्षिकेनं विचारलं आहे : त्या तिघी चेटकिणी मॅकबेथला जे सांगतात त्याला भविष्यवाणी म्हणावं, भाकीत म्हणावं की शाप? आणि त्याला जी नडते ती महत्त्वाकांक्षा की हाव?

शाप आधी बाद करू. शापाला कुणाचा तरी अपराध लागतो, आणि आपल्याकडे शापामागून उःशापही येतो. मुलं त्याचीच वाट बघत बसतील. मॅकबेथनं तोवर कुणाचं काही वाकडं केलेलं नसतं. राजा डंकनसाठी लढून, जिंकून तो बँको या जोडीदार सेनानीबरोबर माळरानावरून परत येत असतो.

भविष्यवाणी चूक नाही, पण ती जड पडते. नुसतं 'वाणी' म्हटलं की आकाशवाणी आठवते. (रेडिओ नव्हे, कंसाची.) देवकीचा आठवा पुत्र तुला मारणार, हे अदृश्य देववाणीनं सांगितलं की प्रश्न मिटला; ते टळणार नाही हे ऐकणाऱ्याला कळून चुकतं. वर्गात हा शब्द वापरलात तर मुलं पहिल्याच अंकात ठरवून टाकतील की सगळं विधिलिखित होतं, बिचारा मॅकबेथ काय करणार. मग नाटकात उरलं काय?

भाकीत त्या मानानं हलकं. पावसाचं भाकीत असतं, निकालाचं असतं. ते खरं ठरतं किंवा फसतं, आणि करणारा माणूस चुकू शकतो हे शब्दातच गृहीत असतं. मॅकबेथला हाच शब्द शोभतो, कारण त्या तिघी नेमकं काय म्हणतात ते नीट पाहा. पहिली त्याला ग्लॅमिसचा सरदार म्हणते. तो आधीच आहे. ही नुसती ओळख झाली. दुसरी म्हणते कॉडरचा सरदार. ते पद डंकननं आधीच्याच प्रवेशात त्याला देऊन टाकलेलं असतं. प्रेक्षकांना ठाऊक असतं, त्याला तेवढं नसतं. म्हणजे ही बातमी. तिसरी म्हणते, पुढे राजा होशील. भाकीत काय ते हे एकच, आणि 'डंकनला मार' असं तिघींपैकी कुणीही म्हणत नाही. खून त्याच्या मनात येतो तो त्याच प्रवेशात, त्याच्या स्वतःच्या स्वगतात. लगेच पुढे तो असंही म्हणतो की दैवात राज्य असेल तर दैवच मुकुट घालील, मी हातपाय कशाला हलवू! वर्गात पंधरा मिनिटंच मिळणार असतील तर ती मी या प्रवेशावर घालवीन.

कंसाची आठवण मात्र फुकट घालवू नका. बँकोला त्या तिघी सांगतात की तू राजा होणार नाहीस, पण तुझे वंशज होतील. डंकनला मारून मॅकबेथ राजा झाल्यावर याच वाक्यापायी बँकोवर आणि त्याच्या मुलावर, फ्लीअन्सवर, मारेकरी घालतो. बँको मरतो, पोरगा निसटतो. स्वतःबद्दलचं भाकीत खरं करायला रक्त सांडणारा हा माणूस दुसऱ्याबद्दलचं खोटं पाडायला पुन्हा तेच करतो. हा उत्तरार्धातला मॅकबेथ कंसाच्या जवळ जातो, आधीचा नाही.

चौथ्या अंकात तो स्वतःहून चेटकिणींकडे जातो, तेव्हा तर भाकीत हा शब्दही पुरत नाही. तिथे तो कौल लावायला गेलाय. कोकणातल्या आणि गोव्यातल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की देवळात कौल उजवा की डावा ते समोर दिसतं; इथे उत्तर येतं ते 'नरो वा कुंजरो वा' थाटाचं. बर्नमचं रान डन्सिनेनच्या टेकडीवर चालून येईपर्यंत तुझा पराभव नाही, असं सांगितलं जातं. शब्द न् शब्द खरा, आणि शब्द न् शब्द घात करणारा. शेवटी सैनिक त्या रानातल्या फांद्या तोडून आडोशाला धरून चालत येतात.

दुसरं उत्तर मराठीत आणताना मात्र जपा. स्त्रीपासून जन्मलेला कुणीही तुला इजा करू शकणार नाही, असं त्याला सांगतात. याचं 'आईच्या पोटी जन्मलेला' केलंत की कोडंच मोडतं. शेवटी मॅकबेथला मारणारा मॅकडफ आईच्या पोटातच वाढलेला असतो. फक्त त्याला वेळेआधी पोट चिरून काढलेलं असतं. मराठीत पोटी जन्मणं म्हणजे तिचं मूल असणं, एवढाच अर्थ. त्यामुळे 'बाईनं प्रसवलेला' म्हणा. बाळंत होण्याची क्रिया शब्दात आली की फट शिल्लक राहते. एखादी मुलगी हमखास विचारेल, "मीपण सिझेरियनची, मग माझा जन्म झालाच नाही का?" तिला सांगा की हे नाटक १६०६च्या सुमाराचं आहे. तेव्हा पोट चिरायची वेळ यायची ती बहुधा आई गेल्यावर किंवा जायच्या बेतात असताना. तिनं जन्म दिला असं म्हणायला ती उरतच नसे.

आता हाव. हा शब्द सुचतो, कारण आजच्या मराठीत महत्त्वाकांक्षा हा गुण झालाय. स्थळाच्या जाहिरातीत मुलगा महत्त्वाकांक्षी असतो, सरकारचा उड्डाणपूलही महत्त्वाकांक्षी असतो. शेक्सपिअरच्या काळच्या इंग्रजीत तो शब्द बऱ्याचदा आरोप म्हणूनच येई. 'ज्युलियस सीझर'मध्ये ब्रूटस सीझरला मारण्याचं कारण देतो ते हेच, की तो महत्त्वाकांक्षी होता. म्हणून खुनी राजाला हा शब्द फार सभ्य वाटतो, हे मान्य.

तरीही हाव बसत नाही. लेडी मॅकबेथ नवऱ्याचं पत्र वाचून जे म्हणते त्यात घालून पाहा : तुझ्यात महत्त्वाकांक्षा आहे, पण तिच्या जोडीला लागणारा दुष्टपणा नाही. इथे 'हाव' घातली की वाक्य लंगडं पडतं, कारण हावेत दुष्टपणा थोडाफार असतोच, तो वेगळा जोडावा लागत नाही. तिच्या मते मूळ गुण चांगला आहे, नवराच कच्चा. मॅकबेथ स्वतः मात्र खुनाआधी त्याच शब्दाला, उडी मारायला जाऊन पलीकडे कोसळणारी, असं म्हणतो. एकच शब्द दोघांच्या तोंडी दोन रंगांचा. मराठीतही तो एकच राहू द्या आणि वाईट वास कुठून येतो ते मुलांना हुडकू द्या. सत्तालालसा, राज्यतृष्णा हे शब्द निबंधासाठी ठीक आहेत. शिरवाडकरांनी आपल्या रूपांतराचं नाव 'राजमुकुट' ठेवलं : गुण नाही, दोष नाही, नुसती वस्तू. मला ते फार आवडतं.

आणि फळ्यावर लिहाल तेव्हा महत्त्वाकांक्षेत त दोनदा. महत् ला त्व जोडलंय. 'महत्व' हे वर्तमानपत्रात रोज दिसलं तरी चूकच.