फट किती ठेवायची?

वाचक विचारतात, टूलरूमवाला सांगतो

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझी छोटी टूलरूम आहे. पोट भरतं ते यंत्रमागाच्या सुट्या भागांवर आणि डायच्या, म्हणजे साच्यांच्या, कामावर. धातूची कोडी मी आधी रविवारी रिकामं मशीन पाहून जीव रमवायला करायचो. आता दिवाळीच्या आधीचे तीन महिने तोच धंदा होतो. गेल्या अंकात त्याबद्दल चार ओळी छापून आल्या आणि पत्रं सुरू झाली. त्यातली चार घेतो.

मी 3 मिमी स्टीलच्या पत्र्यातून लेझरवर सात तुकड्यांचा टॅनग्राम (तुकडे जुळवून आकार करायचं कोडं) कापून घेतला. तुकडे चौकटीत खुळखुळतात, कडा खालून खरखरीत आहेत. तुमच्या कोड्यांत जोडच दिसत नाही म्हणे. मी वायरकटवर जाऊ का? — जुळे सोलापूर

आधी ड्रॉइंग तपासा. माझा अंदाज, तुम्ही सातही तुकडे एकाच चौकोनात रेषा मारून काढलेत आणि ऑपरेटरनं सरळ रेषेवरून लेझर फिरवला. लेझर धातू वितळवून उडवतो. तो जेवढी वाट करतो तेवढा धातू गेला, आणि तो दोन्ही बाजूंच्या तुकड्यांतून गेला. प्रत्येक तुकडा वेगळा मांडा, रेषेच्या बाहेरून कापायला सांगा, निम्मी खुळखुळ तिथेच थांबेल. खालची खरखर म्हणजे वितळून चिकटलेला धातू. तिला आम्ही बर म्हणतो. ती फाईलनं काढायची, आणि वरची कडही मारायची, म्हणजे तिची धार घालवायची. माझ्या पहिल्या खेपेत वरची कड राहिली होती. एका गिऱ्हाइकाच्या नातवाचं बोट कापलं, तेव्हापासून मी प्रत्येक तुकडा स्वतःच्या अंगठ्यावरून फिरवल्याशिवाय डब्यात ठेवत नाही.

आता वायरकटचं. या मशीनमध्ये 0.25 मिमी जाडीची पितळेची तार असते. क्षार काढलेल्या पाण्यात ती वरून खाली सतत सरकत राहते आणि धातूला न शिवता ठिणग्यांनी त्याला खात जाते. एकदा वापरलेली तार भंगारात. कड अशी येते की नख अडकत नाही. पण तार अधिक दोन्ही बाजूंची ठिणगी मिळून 0.3 मिमीची वाट पडतेच. म्हणजे एकाच प्लेटीतून तुकडा कापला आणि त्याच भोकात परत बसवला, तर तो हलणारच. इथेच बहुतेकांची फसगत होते. जोड दिसू नये असं वाटत असेल तर तुकडा एका प्लेटीतून काढायचा आणि त्याचं घर, म्हणजे तो बसतो ते भोक, दुसऱ्या प्लेटीतून. पहिल्या कापाला थोडं जास्त ठेवायचं आणि त्याच वाटेनं पुन्हा दोनतीनदा हलके काप घेत मापावर यायचं. मग दोन्ही एकत्र बसवून वरून ग्राइंडिंग, आणि शेवटी पॉलिश पेपर एकाच दिशेनं. हे शेवटचं काम हलकं समजू नका. पृष्ठभागावरच्या बारीक रेघा तुकड्यावरून चौकटीवर सलग गेल्या तरच जोड नाहीसा होतो. तुकडा एकदा जरी आडवा घासला गेला तर तो लांबूनही वेगळा चमकतो.

असा तुकडा घरात सोडला की तो पडत नाही. खालची हवा निसटायला वेळ लागतो, म्हणून तो जुन्या लिफ्टसारखा सावकाश उतरतो. पाहुण्यांना मी आधी तेच दाखवतो.

पण टॅनग्रामला हे कशाला? तो खेळायचा आहे. बिनफटीच्या चौकटीतून तुकडा काढायला नखही जात नाही, खालून ढकलायला भोक ठेवावं लागतं. तुमचा लेझरच ठेवा. तुकडा आणि चौकट मिळून एक दशांश मिलिमीटर फट, कडा मारलेल्या. मुलं खूश होतील आणि तुमचे पैसे वाचतील.

आमचा चादरींचा कारखाना आहे. दिवाळीला व्यापाऱ्यांना 200 नग द्यायचेत, चादरीवरच्या मोराचं कोडं, पितळेत, आमच्या लोगोसह. भाव कसा लागतो? — अक्कलकोट रोड

मालक, तुम्ही माझ्या गल्लीतलेच, चहाला आला असता तरी चाललं असतं.

वायरकटचं जॉबवर्क चौरस मिलिमीटरवर लागतं, म्हणजे कापाची लांबी गुणिले जाडी. उदाहरणाला टॅनग्रामच घ्या: 60 मिमीच्या चौकोनी टॅनग्रामच्या आतल्या सगळ्या रेषांची लांबी 242 मिमी भरते. प्लेट 10 मिमीची असेल तर 2,420 चौरस मिमी झाले, 6 मिमीची घेतली तर साडेचौदाशे. पातळ प्लेटी एकावर एक बांधून एकदम कापता येतात, पण चौरस मिलिमीटर तेवढेच राहतात, वाचतो तो फक्त मांडणीचा वेळ. जाडी कमी करताना एक बघा: 60 बाय 60 बाय 10 चा पितळेचा ठोकळा 300 ग्रॅमच्या वर भरतो, ॲल्युमिनियमचा शंभरच्या आत. भेट म्हणून हातात घेतल्यावर माणूस पहिल्यांदा वजनच मोजतो.

मोराबद्दल बोलायलाच हवं. चादरीवरचा मोर पायऱ्यापायऱ्यांचा असतो, कारण मागावर नक्षी उठवणाऱ्या जकार्डच्या पुठ्ठ्यावर भोक तरी असतं नाहीतर नसतं, मधलं काही नाही. वडील मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, होते, ते पुठ्ठे मी लहानपणी कंदिलासमोर धरून बघायचो. तार मात्र गोल आहे. आतल्या कोपऱ्यात तिच्याकडून धारदार काटकोन होत नाही, साधारण 0.15 मिमीची गोलाई राहते. मोराच्या प्रत्येक पायरीला असा एक कोपरा. समोरच्या तुकड्याचं टोक धारदार ठेवलं की ते त्या गोलाईवर टेकतं आणि मोर घरात बसतच नाही, वर तरंगत राहतो. माझा पहिला मोर असाच तरंगला होता. एक दिवसभर मी माप चुकलं समजून मायक्रोमीटर घेऊन बसलो होतो. मग बाहेरच्या सगळ्या टोकांना 0.2 ची गोलाई दिली आणि तो गपकन बसला. म्हणून तुमच्या डिझायनरला पायऱ्या मोठ्या आणि कमी करायला सांगा. चादरीवर जी नक्षी वीतभर आहे ती इथे चार बोटांत मावायची आहे.

पितळेचा तुकडा लोखंडी चौकटीत नको. हे मी पैसे मोजून शिकलोय. एका गिऱ्हाइकाला असे दीडशे नग दिले होते, 80 मिमीचा तुकडा, एकूण फट 8 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एसीच्या खोलीत 25 अंशाला झकास चालत होते. वाटप झालं मे महिन्यात, मांडवात. सोलापूरचा मे! 15 अंश वाढले की 80 मिमी पितळ 23 मायक्रॉन वाढतं, लोखंड जेमतेम 14. फट संपली. साहेब भाषणात म्हणाले, 'आता सगळ्यांनी तुकडा बाहेर काढा', आणि दीडशे माणसं डबे आपटत बसली. दोन्ही एकाच धातूचे घ्या. नाहीच जमलं तर 25 मायक्रॉन ठेवा, सावकाश उतरणं थोडं कमी होईल, पण अडकणार नाही.

लोगो मागच्या बाजूला, लहान. समोर मोठा टाकलात तर ते कोडं टेबलावर राहत नाही, खणात जातं. आणि तुमच्या सीएंना आधीच विचारा: भेट म्हणून वाटलेल्या मालावर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट (वजावट) मिळत नाही, तो कर भावात धरूनच बजेट करा.

मी चित्रकलेचं शिक्षण घेतलंय. माझ्या धातूच्या कोड्यांचं प्रदर्शन लावायचंय. मशीननं कापलेलं आहे म्हणून सर त्याला कला मानत नाहीत. शिवाय कोणी नक्कल केली तर? — बार्शी

ताई, सरांशी वाद घालू नका, त्यांच्या हातात कोडं द्या. हेन्री डुडनी या इंग्रज कोडेकारानं समभुज त्रिकोणाचे चारच तुकडे करून त्यांचा चौरस जुळवला. कोड्याचं नाव सुईदोरा-बटणं विकणाऱ्या दुकानदारावरून पडलेलं. 1905 साली लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यानं ते दाखवलं ते महोगनीचं, पितळी बिजागऱ्या लावलेलं, एका बाजूला फिरवलं की त्रिकोण, दुसऱ्या बाजूला चौरस. करवत कोणी चालवली हे कोण विचारतो? रेषा कुठून न्यायची ते ठरवलं त्याचं ते काम. तुमचंही तेच आहे.

नकलेचं मात्र मनावर घ्या. डिझाइन्स ॲक्ट, 2000 खाली वस्तूच्या दिसण्याची नोंदणी होते, 10 वर्षांसाठी, पुढे 5 वर्षं वाढवता येते. आतली युक्ती त्यात येत नाही, फक्त रूप. नोंदणीआधी डिझाइन लोकांसमोर गेलं की नवेपणा गेला. म्हणजे आधी अर्ज, मग प्रदर्शन, आणि व्हॉट्सॲप स्टेटस सगळ्यात शेवटी. मी उलटं केलं होतं. स्टेटसवर टाकलेली सात नंदीध्वजांची चौकट चार महिन्यांनी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत दुसऱ्याच्या पालावर पाहिली, माझ्यापेक्षा स्वस्त, आणि खरं सांगतो, बर न काढलेली.

आणखी एक. नोंदणी करता येण्यासारखं डिझाइन नोंदवलं नाही आणि त्याचे 50 च्या वर नग कारखान्याच्या पद्धतीनं काढले, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइटही संपतो. म्हणून पहिली मोठी ऑर्डर घ्यायच्या आधी वकिलाकडे जाऊन या.

कोड्यासोबत उत्तर द्यावं का? — विजापूर रोड

द्या. बंद पाकिटात, आणि पाकिटावर 'हरलात तरच' असं लिहा. एका वर्षी मी उत्तर दिलं नव्हतं, तर पाडव्याला सकाळी सातपासून फोन. एक काका बारा वाजता थेट वर्कशॉपवरच आले, चौकट हातात, एक तुकडा खिशात. म्हणाले, 'हा जास्तीचा आलाय तुमचा.'